घाडींची रशियन दुखणी

आमचे शेजारी दत्ताराम घाडी सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आजारी असायचे, आणि आठवड्यातून निदान एकदा मरायचे. मंगळवारी आणि गुरुवारी ते ठणठणीत असायचे. त्या दिवशी ते बाजारातून बांगडे आणायचे, पाण्याच्या टाकीवरून वॉचमनशी वाद घालायचे आणि जिन्यात भेटलं की "काय खजिनदार, तब्येत काय म्हणता?" असं उलट मलाच विचारायचे. शनिवार-रविवार त्यांना सुट्टी असायची.

मी हिशेबाचं काम करणारा माणूस आहे. लहान कारखान्यांची कामं घरी बसून करतो आणि सोसायटीचा खजिनदारही आहे. वाढवून सांगायची मला सवय नाही. त्यामुळे घाडींना मेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं ते कसं, हे जसं घडलं तसंच सांगतो.

मुलुंड पूर्वेला, खाडीच्या अंगाला आमची जुनी चार मजली सोसायटी आहे. तिसऱ्या मजल्यावर आम्ही आणि घाडी, मधे एक भिंत. टाकीच्या दुरुस्तीच्या कागदावर सही हवी होती म्हणून दुपारी चारच्या सुमाराला मी त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आत सगळे पडदे ओढलेले. बाहेर मे महिना, आणि आत एसीची अशी थंडी, की घामानं ओला झालेला शर्ट पाठीला गार चिकटला. दिवाणावर पांढरी चादर डोक्यापर्यंत ओढून कोणीतरी आडवं होतं. पाय दाराकडे. पायांत लोकरीचे मोजे. समोर टेबलावर जाडजूड पुस्तकांना टेकवून मोबाइल ठेवला होता आणि त्याचा पडदा काळा होता.

"घाडी," मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तेव्हा चादरीतून एक हात हळूच बाहेर आला आणि त्याचं एक बोट वर झालं. थांबा.

मी थांबलो. मेलेला माणूस थांबा म्हणतो, तेव्हा दुसरं काय करणार?

जरा वेळानं घाडी उठून बसले, कानातला इअरफोन काढला आणि म्हणाले, "मेलंय मी. चुकली ती. माझा ॲपेंडिक्स फुटलो, आणि ही माका गॅसवरचा औषध देता!" मग कानातलं परत लावून काळ्या पडद्याकडे बघत ओरडले, "अतराबोत्का! परवा परत!" आणि माझ्या कागदावर सही करून दिली. त्यांची बोटं बर्फासारखी होती. बाहेर आलो तर चष्म्यावर वाफ धरली होती. घरी येऊन बायकोला, मेघनाला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी पाणी प्या."

आता हा काय प्रकार होता, ते सांगतो. घाडींची एकुलती एक मुलगी तेजस्विनी, म्हणजे तेजू, रशियात डॉक्टरकी शिकते. मॉस्को वगैरे नाही. तिथून पुढे विमानानं अर्धा दिवस गेलं, की सायबेरियात एक शहर लागतं, तिथल्या विद्यापीठात. आपल्या चारला तिथे संध्याकाळचे साडेसात होतात. त्या विद्यापीठात एका इमारतीत जंगलं शिकवतात, एकीत खाणी शिकवतात आणि एकीत माणसं. तेजू माणसांच्या इमारतीत. दारातच थंडीचा कोट कपडे सांभाळणाऱ्या बाईकडे द्यायचा, बूट बदलायचे, पांढरी टोपी घालायची. टोपी विसरली तर तास बुडाला. आणि बुडालेला प्रत्येक तास नंतर एकट्यानं जाऊन भरून द्यायचा, त्याला अतराबोत्का म्हणतात. हॉस्टेलच्या मजल्यावर सगळ्यांत मिळून एक स्वयंपाकघर. फ्रीज भरला की मुली दूध आणि मटण पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगून ठेवतात, बाहेर उणे पस्तीस असतं. हे सगळं मला तेजूनं नव्हे, घाडींनी सांगितलं, आणि तेही 'आमच्याकडे' असं म्हणून. "आमच्याकडे गेल्या आठवड्यात नदी गोठली, खजिनदार." आमच्याकडे म्हणजे खाडी नव्हे.

घाडींना रशियन येतं कसं, हा प्रश्न मलाही पडला होता. ते मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. हे स्वतः भांडुपच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. तिथून रशियाला माल जायचा. खोक्यावरची लेबलं उलटी लागली नाहीत ना, अक्षर पुसलं नाही ना, एवढं बघायचं काम. नोकरीभर बघून बघून अक्षरं तोंडओळखीची झाली, अर्थ मात्र कळला नाही. अर्थ तेजूच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांतून, तिच्याबरोबर शिकले. त्याच वर्षी हाडांचा अभ्यास होता. घाडींनी खोक्यांवर खुणा करायच्या काळ्या मार्करनं स्वतःच्या अंगावर बरगड्या, खांदे, माकडहाड सगळं काढून घेतलं आणि उघडे बसून मोबाइलसमोर तिची उजळणी घेतली. मार्कर कारखान्याचा. आठवडाभर निघाला नाही. सकाळी दूध आणायला उतरले की बनियनच्या वर गळ्याची हाडं दिसायची, आणि तळमजल्यावरची पोरं आईच्या मागे लपायची.

पण तिसऱ्या वर्षी गंमत संपली. तिसऱ्या वर्षी मुलांना खऱ्या वॉर्डात नेतात, आणि रोगी काही इंग्रजीतून कण्हत नाहीत. परीक्षा तोंडी. पाकिटातून एक चिठ्ठी उचलायची, तिच्यात जो रोगी निघेल त्याच्यापाशी बसायचं, सगळं विचारून घ्यायचं आणि प्राध्यापकांना सांगायचं. तेजूच्या वाट्याला एक बिनदातांची म्हातारी आली. म्हातारी तासभर बोलली, तेजूला कळलं नाही. नापास. दुसऱ्यांदा बसली तेव्हा रोग्याला रडू आलं, आणि मग हिलाही. पुन्हा नापास. तिसरी खेप तीन प्राध्यापकांच्या कमिशनपुढे. तिथे पडली, की नाव कापतात आणि घरी पाठवतात. चौथी खेप नसते.

हे कळल्यावर घाडींनी आजारी पडायला सुरुवात केली.

पद्धतही तिथलीच. स्टीलच्या डब्यात रोगांच्या चिठ्ठ्या. प्रत्येक वेळी एक उचलायची, दोन दिवस वाचायची, आणि चार वाजता दिवाणावर पडायचं. कधी ते दारू पिणारा सुतार असत, कधी खाणीतला मजूर, कधी सात लेकरांची बाई. प्रत्येकाचा आवाज वेगळा. रशियन मोडकं, वर मालवणी हेल. मी एकदा भीत भीत म्हटलं, "घाडी, रशियन लोक असं बोलत असतील का?" तर म्हणाले, "तिचे रोगी माझ्यापेक्षा वाईट बोलतत. दात नाय, तोंडात विडी. माझा कळला तर सगळ्यांचा कळतला."

आणि ते सरळ काही सांगत नसत. तेजूनं विचारून विचारून काढायचं. "रोगी खोटा बोलता, खजिनदार. 'काय नाय, बरा आसा' म्हणता. तेजूची आई शेवटपर्यंत तसाच म्हणत रवली." एवढं बोलून त्यांनी डब्याचं झाकण लावलं होतं.

भिंतीच्या अलीकडे आम्हाला मात्र फक्त आवाज यायचे. चार वाजले की कण्हणं सुरू. "बलित... ओय, बलित..." बलित म्हणजे दुखतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. बुधवारी बहुधा म्हातारी असायची. पातळ, चिरका, मागे ओढला जाणारा आवाज. मेघना तेव्हा चहा करत असे. तिनं गॅस बंद करून हॉलमध्ये येऊन बसायला सुरुवात केली, कारण स्वयंपाकघराची भिंत सामाईक आहे. "मला माहितीये तो घाडींचाच आवाज आहे," ती म्हणायची, "पण माहीत असून काय उपयोग? ऐकताना ती बाईच असते."

वरच्या मजल्यावरच्या राणे वहिनींना तेवढंही माहीत नव्हतं. त्या मालवणकडच्याच, आणि त्यांना घाडी या आडनावाचा अर्थ ठाऊक. तिकडे देवापुढे गावाच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो तो घाडी. दत्तारामांच्या आजोबांच्या अंगात यायचं, आणि लोक त्यांना कौल विचारायचे. एके दिवशी वहिनींनी मला जिन्यात गाठलं.

"भाऊजी, खरा सांगा. घाडीणबाय जाऊन किती वर्षां झाली?"

"पाच-सहा झाली असतील."

"मग आतमध्ये बाईमाणूस बोलता ता कोण?"

मी रशियाचं सांगायला लागलो, तर म्हणाल्या, "रशियात आमचा देव जाऊक शकत नाय, असा खंय लिवला?"

पुढच्या बुधवारी त्या नारळ घेऊन आत शिरल्या. घाडी डोक्याला रुमाल बांधून यकृताच्या आजारानं तळमळत होते. वहिनींनी पायाशी नारळ ठेवला आणि विचारलं, "पोराक मालाडच्या ऑफिसात नोकरी मिळता. घेवची काय?" पलीकडे तेजूची उजळणी चाललेली. घाडींना सोंग सोडता येईना. वहिनींना बाहेर जा म्हणायला त्यांनी डोळे मिटूनच 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. वहिनी नमस्कार करून गेल्या, आणि पोरगा प्रथमेश मालाडला गेला नाही.

दोन महिन्यांनी ते ऑफिस रातोरात बंद झालं. कामावर आलेली पोरं शटरकडे बघत उभी राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी घाडींच्या दाराबाहेर चार नारळ होते. बुधवारी सात. शेजारच्या इमारतीतूनही लोक यायला लागले. घाडींनी दारावर पुठ्ठा लावला, 'येथे कौल मिळत नाही'. त्यावर लोक म्हणाले, खरा माणूस जाहिरात करत नाही. नारळ ते आमच्याकडे पाठवून द्यायचे. त्या महिन्यात आम्ही इतकी सोलकढी प्यायलो, की मेघना म्हणाली, देवाला सांगा, आता कोकमं पाठव.

मी हसलो खरा. पण मलाही एक गोष्ट आतून टोचत होती, आणि ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती. शेवटी मेघनाच बोलली.

"तुम्ही तेजूचा आवाज ऐकलाय कधी?"

"रोज बोलतात की ते तिच्याशी."

"ते बोलतात. ती?"

मी आठवून पाहिलं. घाडी कानात घालून बोलतात. तिथलं नेट रडतं म्हणून चित्र बंद ठेवतात. मी पाहिला तो मोबाइलचा पडदा दर वेळी काळा. तेजू पहिलं वर्ष संपल्यावर एकदा आली होती, नंतर नाही. उन्हाळ्यात तिथल्या इस्पितळात काम करावं लागतं असं घाडी सांगतात. घाडीच सांगतात. थंडी, नदी, खिडकीला टांगलेलं मटण, कमिशन, सगळं त्यांच्याच तोंडून.

"म्हणजे तुला काय म्हणायचंय?" मी विचारलं.

"मला काहीच म्हणायचं नाही," मेघना म्हणाली आणि लाईट लावायला उठली, भर उजेडात.

मी आकडा जुळेपर्यंत न उठणारा माणूस. पण माणसाला असं कसं विचारायचं, की तुमची मुलगी आहे ना? त्या आठवड्यापासून चार वाजले की माझं काम थांबायचं. भिंतीपलीकडे घाडी प्रत्येक प्रश्न आधी स्वतः मोठ्यानं म्हणायचे, मग उत्तर द्यायचे, मधे थांबायचे, हसायचे, पुन्हा थांबायचे. त्या थांबण्यातली शांतता मी ऐकत बसायचो. तिच्यात कोणी आहे का, ते शोधत.

कमिशनची परीक्षा शुक्रवारी होती. आदल्या बुधवारी मी असाच भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. चार वाजले. कण्हणं नाही. म्हातारी नाही, सुतार नाही, मजूर नाही. थोड्या वेळानं आवाज आला तो चक्क घाडींचा, त्यांचा स्वतःचा, जिन्यात 'काय खजिनदार' म्हणतात तो. हळू, एकेक शब्द ठेवत ते रशियन बोलत होते. इतके महिने नाना आवाज ऐकले, पण अंगावर काटा आला तो या साध्या आवाजानं.

मी गेलो. दार लोटलेलंच होतं. घाडी दिवाणावर पडले नव्हते, भिंतीला टेकून बसले होते. डब्याचं झाकण लागलेलं. एसी चालू, आणि कपाळावरून घाम गळ्यात उतरत होता. डावा हात मांडीवर उपडा पडला होता, आपला नसल्यासारखा. कानातलं मोबाइलमधून निसटून खाली पडलं होतं. उचलायला वाकवलं नसेल. मोबाइलचा आवाज त्यामुळे खोलीभर होता, आणि त्यातून एक मुलगी बोलत होती.

तेजू होती. मागे कुणीतरी काहीतरी तळत होतं, कुणीतरी हसत होतं, भांडी वाजत होती. मला एकदम खुर्चीत बसावंसं वाटलं, आणि मी बसलो.

भिंतीतून ऐकून ऐकून मला प्रश्न ओळखू येत होते. ग्दे बलित, म्हणजे कुठे दुखतं? कधीपासून? दुखणं कुठे जातं? घाडींनी उजव्या हातानं छाती दाखवली, मग जबडा, मग तो उपडा हात. चित्र बंद होतं. पलीकडे कुणालाही ते दिसत नव्हतं. त्यांना दाखवायचंच होतं.

"बाबा, झकास केस आहे!" तेजू मराठीत ओरडली. "एवढं सोप्पं दिलंत आज? परवा परीक्षा म्हणून दया आली का?"

"सोप्पा नाय," घाडी म्हणाले. "पुढे विचार. क्रम सोडू नको."

तिथे क्रम ठरलेला असतो. आधी तक्रार, मग आजार कसा सुरू झाला, मग माणसाचं आयुष्य. काय काम करता, काय खाता, घरी कोण असतं. सगळं विचारल्याशिवाय निदान सांगायचं नाही. तेजू भराभरा विचारत गेली. काम काय करता, याला घाडींनी लांबलचक उत्तर दिलं. मग तिनं विचारलं, घरी कोण असतं?

घाडींचे रोगी सगळे भरल्या घरातले असत. सुताराला बायको आणि सासू, म्हातारीला सुना-नातवंडं. खाणीतल्या मजुराला तर त्यांनी चार भाऊ आणि एक गाय दिली होती, आणि त्या गायीचं नाव ठरवण्यात एक अख्खा बुधवार गेला होता. आज त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "अदीन."

एवढा शब्द मला येत होता. अदीन म्हणजे एक. एकटा.

मोबाइलमधलं तळणं चालू राहिलं. हसणारी मुलगी अजून हसत होती. तेजू मात्र बोलेना. ती कानात बोलायची तेव्हाची शांतता मी भिंतीतून ऐकायचो, तीच ही, पण आता तिच्यात कोणीतरी होतं.

मग ती रशियनमध्येच बोलली. आधीच्याच आवाजात, जराही न अडखळता. घाडी म्हणाले, "खराशो." ठीक आहे. शेवटी ती मराठीत म्हणाली, "निदान हृदयाचं. रोग्याला लगेच इस्पितळात न्यायचं. जिना चालत उतरू द्यायचा नाही. बरोबर आहे का, बाबा?"

"बरोबर," घाडी म्हणाले. "पाचपैकी पाच. जा, आता जेव."

फोन बंद झाला. घाडींनी डोळे मिटले. "काल रातीपासून आसा," ते म्हणाले. "तिका सांगितला असता तर ती विमानात बसली असती. परीक्षा गेली, नाव गेला. म्हटला, केस म्हणून सांगूया. उपचार पण कळतलो, उजळणी पण होतली." मग माझ्याकडे बघून विचारलं, "तिका कळला नाय मा?"

"नाही," मी म्हणालो.

ॲम्ब्युलन्स बोलवायला मी दारात आलो, तोच माझा फोन वाजला. सोसायटीच्या यादीवर माझा नंबर असतोच.

"काका, ऐका ना, घाबरू नका," तेजू म्हणाली. ती जिना उतरत असावी, धापा टाकत होती. "बाबांना अटॅक आलाय. ती केस नव्हती, ते स्वतः होते. ॲम्ब्युलन्स बोलवा आणि त्या लोकांना हे सगळं नीट सांगा." आणि तिनं रोग्याचं सगळं क्रमानं सांगितलं. तक्रार, सुरुवात, आयुष्य. मग ती जिन्यावरच थांबली. "आणि काका, मला कळलंय हे त्यांना सांगू नका हां. मी शुक्रवारी बसणार. नाही बसले तर त्यांना कळेल की मला कळलं. मग ते तिथे पडून स्वतःला शिव्या देत बसतील."

आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. घाडींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून वॉचमन आणि राणे वहिनींच्या प्रथमेशनं खाली नेलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. चेहरे बाहेर आले. गेले कित्येक महिने मरणारा माणूस आज खरोखर चालला होता, आणि कुणालाही फरक ओळखता येत नव्हता. वहिनींनी वरून विचारलं, "ह्या खरा आसा की अभ्यासाचा?" घाडींनी खुर्चीतूनच हात हलवला. त्याचा अर्थ कुणालाच लागला नाही.

घाटकोपरच्या एका इस्पितळात त्याच संध्याकाळी त्यांची नळी साफ करून स्प्रिंग बसवली. डॉक्टर मला म्हणाले, "वेळेत आणलंत. कुणी ओळखलं?" मी म्हणालो, "एका विद्यार्थिनीनं."

शुक्रवारी दुपारी तेजूचा फोन आला तेव्हा घाडींनी मला नर्सला बाहेर थांबवायला सांगितलं, यंत्राचा टूंटूं आवाज जाऊ नये म्हणून उशी यंत्राकडे सरकवली, आणि घसा खाकरून म्हणाले, "सर्दी झाली आसा गो जरा. बोल."

ती पास झाली होती. पाचपैकी तीन. तिनं घरी कोण असतं हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला, क्रम चुकला, म्हणून दोन गुण गेले. पण तो प्रश्न विचारल्यावर चिठ्ठीत निघालेला रोगी, एक कधी न बोलणारा म्हातारा, बोलायला लागला तो थांबेचना. शेवटी प्राध्यापकांनीच त्याला आवरलं.

"तीन?" घाडी उठून बसायला लागले. "परवा मी पाच दिलेले! कोण तो मास्तर?" यंत्र जोरात वाजायला लागलं. नर्स धावत आत आली. तेजूला ते ऐकू गेलं असणारच. ती म्हणाली, "बाबा, टीव्ही बारीक करा."

घाडी घरी आले. सोमवार आला, चार वाजले, भिंत गप्प. परीक्षा संपली होती, आजारी पडायचं कारण उरलं नव्हतं. मेघना स्वयंपाकघरात उभी राहून चहा करत होती, आणि तिचं लक्ष भिंतीकडे होतं. "हे जास्त वाईट आहे," ती म्हणाली. बुधवारीही तसंच गेलं. मी दोन वेळा साखर मागायच्या निमित्तानं जाऊन आलो. घाडी पडदे उघडून बसले होते, आणि उजेडात त्यांचं घर किती मोकळं आहे ते पहिल्यांदा दिसलं.

मग शुक्रवारी बोलणं सुरू झालं. दोनच मिनिटं. शनिवारी पुन्हा. रविवारीही. मी विचारलं तर घाडी जरा ऐटीत म्हणाले, "नवीन काम दिल्यानी आमच्याकडे. एकच रोगी घेवचो आणि टर्म संपापर्यंत रोज त्याची विचारपूस करून लिवून ठेवची. तेजूक तो हार्टवालो म्हातारो व्हयो. म्हणता, केस चांगली होती." त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. "म्हणून मी आपलो तोच रोगी होतंय. रोज. काय करतलंय, पोरीचा नुकसान नको."

असं काम तिथे खरंच असतं का, ते मी शोधलं नाही. झोप लागली का? गोळ्या घेतल्या का? चाललात का? मीठ? रोज चार वाजता तेजू सायबेरियातून रशियनमध्ये विचारते, आणि घाडी त्या म्हाताऱ्याच्या वतीनं एकेक उत्तर देतात. खोटं नाही, सोंग नाही. दोघांनाही सगळं ठाऊक आहे, आणि दोघंही ते एकमेकांपासून सांभाळून आहेत. मधे मी बसलो आहे, दोन्ही बाजूंनी गप्प राहायचं वचन देऊन. माझ्या धंद्यात याला चांगलं म्हणत नाहीत.

गेल्या मंगळवारी तिकडचं नेट गेलं. कधी येईल, सांगता येत नव्हतं. चारला भिंत गप्प होती. सव्वाचारला आमची बेल वाजली. दारात घाडी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"आज लाइन नाय," ते म्हणाले. "बसू काय वायच?"

बसले. मेघनानं पाणी दिलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं, टाकीचं, वॉचमनचं. घाडी उठेनात. मग मला वाटलं, आज त्यांना कुणीच विचारलेलं नाही.

"कसं वाटतंय, घाडी?" मी म्हणालो.

"बरा आसा," ते म्हणाले. "काय नाय."

मेघनानं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा विचारलं, जरा जोर देऊन, छातीत वगैरे काही होतं का म्हणून. "छे, छे. बरा आसा." हात गुडघ्यांवर, नजर फरशीवर. त्यांची भाषा होती, आमचं घर होतं, आणि त्यांना त्यापुढे एक शब्द येत नव्हता.

मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. एवढे महिने भिंतीला कान लावल्याचा मला एवढाच फायदा झाला होता. उच्चार कसा होईल याची पर्वा न करता मी विचारलं,

"ग्दे बलित?"

घाडींनी मान वर केली. मग पाठ सरळ केली, हात छातीवर ठेवला आणि बोलायला लागले, हळू, एकेक शब्द ठेवत. मग हात छातीवरून निघाला, आणि ते खिडकीकडे, आपल्या घराच्या भिंतीकडे, रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत बोलत राहिले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मेघनानं गॅसवरचा चहा बंद केला आणि पदराला हात पुसत येऊन शेजारी बसली. आम्ही दोघं मान डोलवत राहिलो, त्यांचं सांगून होईपर्यंत.